रिकामा स्विमिंग पूल आहे? ग्रीनहाऊस होतं, पण आधी पाण्याचा हिशोब करा

व्हिडिओत आकडे पटापट निघून गेले, म्हणून इथे सावकाश सांगतो.

अमेरिकेत ॲरिझोनातल्या मेसा शहरात डेनिस मॅक्लंग यांनी २००९ मध्ये घरामागच्या रिकाम्या पूलवर प्लॅस्टिकचं छप्पर घातलं. आत भाजीपाला, खोल भागात तिलापिया मासे, सोबत कोंबड्या. 'गार्डन पूल' म्हणून ते गाजलं. डोकं साधं आहे : खड्डा तयार, भिंती तयार, वारा लागत नाही, आणि जमिनीखाली तापमान हळूहळू बदलतं.

पण मेसा म्हणजे वाळवंट. तुमचा पूल कर्जतच्या फार्महाऊसवर असेल तर गोष्ट वेगळी. ३० बाय १५ फुटांचं छप्पर धरा. दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला की त्यावर सुमारे ४,२०० लिटर पाणी पडतं. ते पन्हळीने बाहेर काढलं नाही तर सगळं तुमच्या रोपांवर. तळाला छोटा पंप हवा, आणि त्याला इन्व्हर्टर हवाच, कारण लाईट नेमकी मुसळधार पावसातच जाते! दुसरं, जमिनीतलं पाणी वर आलं तर रिकामा पूल खालून उचलला जाऊन तडकू शकतो. एकदा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. ती फी वाचवू नका.

आता धंदा. ४५० चौरस फूट म्हणजे अर्धा गुंठासुद्धा नाही. यात टोमॅटो पिकवून बाजारात विकलात तर छपराचाही खर्च निघणं कठीण. माझं मत विचाराल तर रोपं करा. वावरायची जागा सोडून ९८ कप्प्यांचे १५० ट्रे आरामात बसतात, म्हणजे एका खेपेला साधारण १४,७०० रोपं. टोमॅटोचं रोप २५ दिवसांच्या आसपास तयार होतं. मात्र ट्रे उथळ बाजूला किंवा उंच मांडणीवर ठेवा, खोल बाजूला भिंतीची सावली पडते आणि रोपं लांबुडकी होतात. खोल भागात पाणी साठवा. तिलापियाचा मोह झालाच तर आधी मत्स्यव्यवसाय विभागात जा, आपल्याकडे त्याला परवानगी लागते.

आणि छप्पर घालण्याआधी आसपासच्या दहा शेतकऱ्यांना विचारा : रोपं कुठून आणता, किती पैशाला, आणि कोणत्या महिन्यात मिळत नाहीत? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर वहीत लिहून ठेवा, पहिली खेप त्याच महिन्यासाठी लावायची.