हिंदनगरचे एकशे वीस दिवस

१९५३च्या उन्हाळ्याअखेर भारतीय फौजेला घेऊन जहाजं कोरियाच्या इंचॉन बंदराशी पोचली, पण सैनिकांना किनाऱ्यावर उतरायची मुभा नव्हती. भारतीय शिपायाचं पाऊल आमच्या भूमीला लागता कामा नये, असं दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी बजावलं होतं. शेवटी अमेरिकी हेलिकॉप्टरांनी काही हजार माणसांना जहाजांवरून उचललं आणि थेट निर्लष्करी पट्ट्यात नेऊन सोडलं. तिथे त्यांनी तंबू ठोकले आणि त्या वस्तीला नाव दिलं हिंदनगर. ज्यांना मायदेशी परतायचं नव्हतं, किंवा तसं ते म्हणत होते, अशा युद्धकैद्यांना सांभाळायचं हे त्यांचं काम.

हे काम संयुक्त राष्ट्रांचं का नव्हतं, या प्रश्नापाशी थोडं थांबायला हवं. सर्वसाधारण समजूत अशी, की दोन देश भांडतात आणि जागतिक संस्था मध्ये पडते. कोरियात संस्था मध्ये पडलीच नाही, ती एका बाजूने लढली. २५ जून १९५० रोजी उत्तर कोरियाने हल्ला केला, तेव्हा चीनच्या जागेच्या वादावरून सोव्हिएत रशियाने सुरक्षा परिषदेवर बहिष्कार घातला होता. नकाराधिकार वापरणाराच गैरहजर, त्यामुळे ठराव झपाट्याने मंजूर झाले. ७ जुलैच्या ठरावाने अमेरिकी सेनापतीच्या हाती संयुक्त राष्ट्रांचा झेंडा आला. सामूहिक सुरक्षेचा हा मोठा विजय म्हणून तेव्हा त्याचा गौरव झाला, आणि आक्रमण थोपवलं गेलं हेही खरं. पण त्याची किंमत तीन वर्षांनी कळली. लढाई थांबवायची वेळ आली, तेव्हा पंचाची खुर्ची रिकामी होती, कारण पंच स्वतःच मैदानात उतरला होता.

युद्धबंदीच्या वाटाघाटी १० जुलै १९५१ला केसाँगमध्ये सुरू झाल्या, पुढे पानमुन्जॉमला हलल्या आणि एकंदर दोन वर्षं सतरा दिवस चालल्या. सीमारेषेचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटला. घोडं अडलं ते कैद्यांवर. १९४९च्या जिनिव्हा कराराचं ११८वं कलम सरळ सांगतं, की लढाई थांबली की कैद्यांना विनाविलंब सोडून मायदेशी पाठवावं. पण एखाद्याला जायचंच नसेल तर काय, यावर ते गप्प आहे. जबरदस्तीने कोणालाही पाठवणार नाही, असं अमेरिकेने ठरवलं. एप्रिल १९५२च्या चाचपणीत सुमारे १,३२,००० कैद्यांपैकी जेमतेम ७०,००० परतायला तयार असल्याचं निघालं आणि उत्तर कोरिया व त्याच्या बाजूने लढणारा चीन यांचं शिष्टमंडळ संतापलं. ही चाचपणी कितपत स्वच्छ होती, हा प्रश्नच आहे. कोजे बेटावरच्या छावण्यांत कैद्यांच्या दोन टोळ्यांचं राज्य होतं. कम्युनिस्ट एका बाजूला, विरोधक दुसऱ्या. विरोधकांच्या कोठ्यांत अंगावर कम्युनिस्टविरोधी घोषणा गोंदवल्या जात, आणि अशा माणसाला परतण्याची वाट आपोआप बंद होई. मे महिन्यात कम्युनिस्ट कैद्यांनी तर छावणीच्या अमेरिकी प्रमुखालाच, जनरल डॉड यांना, ओलीस धरलं.

कैदी तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाकडे सोपवावेत, असा या कोंडीतून वाट काढणारा ठराव आमसभेत भारताने मांडला. भारताचे प्रतिनिधी कृष्ण मेनन यांनी तो रेटला आणि ३ डिसेंबर १९५२ला ५४ विरुद्ध ५ मतांनी तो मंजूर झाला. रशियाने त्याची खिल्ली उडवली, चीनने तो फेटाळला. मेननांचा तोंडाळपणा सर्वांना ठाऊक आहे. पण या ठरावामागची त्यांची चिकाटी मात्र फारशी आठवली जात नाही. मार्च १९५३मध्ये स्टालिन वारला आणि त्याच महिन्याअखेर चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय यांनी जवळपास हीच कल्पना स्वतःची म्हणून पुढे केली. कोणाचंही नाक कापलं गेलं नाही. ८ जूनला करार झाला. ज्यांचं जाण्या-न जाण्याचं ठरत नाही, असे कैदी तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाकडे द्यायचे. दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींनी नव्वद दिवस त्यांना समजावायचं. कैद्यांवर बळ वापरायचं नाही. हे उधळून लावायला ऱ्हींनी १८ जूनला छावण्यांची दारं उघडून सुमारे २७,००० उत्तर कोरियाई कैदी पळवून लावले. तरीही २७ जुलैला युद्धबंदीवर सह्या झाल्या.

तटस्थ म्हणजे कोण, याची व्याख्याही मजेशीर होती. ज्यांच्या लढाऊ फौजा कोरियात उतरल्या नाहीत ते तटस्थ. त्या हिशेबात स्वीडन-स्वित्झर्लंडबरोबर पोलंड-चेकोस्लोव्हाकियाही बसले. भारताने १९५०मध्येच साठावं पॅराशूट फील्ड अँब्युलन्स पथक पाठवलं होतं, पण ते जखमा बांधणारं, लढणारं नव्हे. आयोगात दोन इकडचे, दोन तिकडचे आणि निर्णायक मत भारताचं. अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि कैद्यांवर प्रत्यक्ष पहारा देणाऱ्या दलाचे प्रमुख कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात.

कैदी ताब्यात आले ते २२,६०४ दक्षिणेकडून आणि ३५९ उत्तरेकडून. या ३५९मध्ये २३ अमेरिकी आणि एक ब्रिटिश होता. दक्षिणेकडच्या कोठ्यांतल्या टोळ्या तशाच शिस्तीत इथेही आल्या. सप्टेंबरअखेर चिनी कैद्यांनी भारतीय दलाच्या मेजर ग्रेवाल यांना कोठीत ओढून नेलं. थोरात मोजक्या सहकाऱ्यांसह निःशस्त्र आत गेले, कैद्यांशी बोलले आणि गोळी न झाडता अधिकाऱ्याला सोडवून आणलं. बाहेरच्या सैनिकांनी बंदुका चालवल्या असत्या, तर पहिला बळी थोरातांचाच गेला असता. त्यानंतर ऑक्टोबरच्या पहिल्या दिवसांत मात्र गोळीबार झाला आणि काही कैदी मेले. बळ वापरायचं नाही हे कलम कागदावर जितकं सरळ होतं, तितकं काटेरी कुंपणापाशी नव्हतं.

समजावणीचा कार्यक्रम १५ ऑक्टोबरला सुरू झाला. कैदी तंबूत शिव्या देत, आरडाओरडा करत येत. कित्येक कोठ्यांतले कैदी तर बाहेरच पडेनात. त्यांना ओढून आणा, असा पोलंड-चेकोस्लोव्हाकियाचा हट्ट. तसं झालं तर आम्ही निघालो, ही स्वित्झर्लंडची धमकी. थिमय्यांनी ओढून आणायला नकार दिला. पण अहवालाची वेळ आली, तेव्हा कैद्यांच्या संघटनांनीच कैद्यांच्या मोकळ्या निवडीचा गळा घोटला, या निष्कर्षावर भारताने पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियाबरोबर सही केली. एकदा इकडे, एकदा तिकडे. दोन्ही बाजूंची वर्तमानपत्रं भारतावर चिडली होती, हे मला तरी प्रशस्तिपत्रच वाटतं.

नव्वदपैकी समजावणी झाली जेमतेम दहा दिवस. जानेवारीत मुदत संपली, तरी कैद्यांना नागरिक म्हणून सोडण्याचा अधिकार आपल्याला आहे, हे थिमय्यांनी मान्य केलं नाही. २० जानेवारी १९५४ला त्यांनी कैदी ज्यांच्याकडून घेतले होते त्यांच्याकडेच परत सोपवले. संयुक्त राष्ट्रांच्या सेनापतीने त्यांना नागरिक जाहीर केलं आणि चौदा हजारांहून अधिक चिनी जहाजांनी तैवानला गेले. ज्या कामासाठी आयोग नेमला, ते काम झालं नाही, असं म्हणणाऱ्याला मी खोटं ठरवणार नाही. पण आयोगाचा खरा उपयोग वेगळा होता. जो मुद्दा दोन बाजूंना एकमेकांसमोर सोडता येत नव्हता, तो त्यांनी तिसऱ्याच्या अंगावर टाकला आणि स्वतः बंदुका खाली ठेवल्या. तिसऱ्याने तो अंगावर घेतला, शिव्या खाल्ल्या, आणि तोवर लढाई थंडावली.

८८ कैद्यांनी दोन्ही बाजू नाकारल्या. ते भारतीय दलाबरोबर मद्रासला आले आणि त्यातले बरेच १९५६ पासून ब्राझील आणि अर्जेंटिनाला निघून गेले. कोरियाई लेखक चोई इन-हून यांची १९६०ची ‘चौक’ ही कादंबरी अशाच एका कैद्याभोवती फिरते. तिकडे ती आजही वाचली जाते. आपल्याकडे या माणसांची नावंही उरलेली नाहीत.

भारताला या साऱ्याचं बक्षीस काय मिळालं? कोरियाच्या राजकीय परिषदेत भारताला बसवावं का, यावर ऑगस्ट १९५३मध्ये आमसभेच्या राजकीय समितीत मतदान झालं. बाजूने २७, विरोधात २१, तटस्थ ११. आमसभेत लागणारं दोनतृतीयांश बहुमत होत नव्हतं; अमेरिका विरोधात होती; भारताने आपलं नाव मागे घेतलं. म्हणजे हिंदनगरचे तंबू उभे राहण्याआधीच टेबलावरची जागा नाकारली गेली होती. ती परिषद १९५४मध्ये जिनिव्हात भरली आणि जूनमध्ये काहीही न ठरवता उठली. शांतता करार आजतागायत झालेला नाही. युद्धबंदीवर देखरेख करणारा दुसरा तटस्थ आयोग मात्र पानमुन्जॉमला अजून आहे. उत्तर कोरियाने १९९३मध्ये चेक आणि १९९५मध्ये पोलिश अधिकाऱ्यांना हाकललं, तरी स्वीडन आणि स्वित्झर्लंडचे मोजके अधिकारी तिथे अजून नेमाने बैठका घेतात.