वारीच्या वाटेवर मीठ किती, पाणी किती?



आषाढीला आपल्या सातारा-सांगली भागातून अनेकजण पायी पंढरपूरला जातात. माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटण, बरड या मार्गाने जाते. पाऊस लांबला की या वाटेवर घाम निथळतो. म्हणून मिठाविषयी चार गोष्टी सांगत आहोत.

एक लिटर घामातून साधारण 2 ते 3 ग्रॅम मीठ जाते, माणसागणिक कमी-जास्त. कोणी म्हणतं चिमूटभर मीठ तोंडात टाका, कोणी म्हणतं नुसतं पाणी प्या. दोन्ही अपुरं आहे. कोरड्या मिठानं तहान वाढते, मळमळतं. घाम खूप गेल्यावर तहानेपेक्षा जास्त नुसतं पाणीच पीत राहिलं, तर रक्तातलं मीठ पातळ होतं. डोकं दुखतं, उलट्या होतात, भान हरपतं.

इथं आपली साखर कामाला येते. लहान आतडे साखर व मीठ जोडीने शोषते आणि त्यामागोमाग पाणी अंगात जाते. 1971 साली बनगाव येथे बांगलादेशी निर्वासितांमध्ये पटकी पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे पाणी पाजून असंख्य जीव वाचवले.

घरचे प्रमाण असे : उकळून गार केलेले पाणी 1 लिटर, साखर 6 सपाट चहाचे चमचे, मीठ अर्धा सपाट चमचा. मीठ अंदाजाने टाकू नये. हे पाणी त्याच दिवशी संपवावे. जुलाब-उलटी झाल्यास किंवा फार घाम जाऊन जेवण चुकल्यास घ्यावे. एरवी पंगतीतली भाजी-भाकरी, लोणचं आणि ताक यातून पुरेसं मीठ मिळतं. पाणी तहानेप्रमाणे प्यावे.

रक्तदाब, मूत्रपिंड, हृदयविकार किंवा मधुमेह असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. चालू गोळ्या आपल्या मनानं बंद करू नयेत.

दिंडीतला कोणी असंबद्ध बोलू लागला, अंग तापलं, तर त्याच्या तोंडात काही ओतू नका. सावलीत न्या, अंग ओलं करून वारा घाला आणि तसंच आरोग्य पथकाकडे पोचवा. "थोडं बसला की होईल बरा" म्हणत थांबू नका. म्हातारी माणसं थकली तरी बोलत नाहीत. त्यांना आपणच विचारत राहावे.

दिंडीच्या सामानात मोजणीचा एक चमचा जरूर ठेवावा.