आधी दाखला, मग आधार

जन्माची नोंद बाळ जिथे जन्मले तिथेच होते, राहत्या गावी नव्हे. गगनबावड्याच्या बाळाचा जन्म कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयात झाला, तर नोंद शहरातच. रुग्णालय ती स्वतः कळवते. गावात घरीच बाळंतपण झाले, तर कुटुंबप्रमुखाने ग्रामपंचायतीत कळवायचे.

• मुदत: 21 दिवस. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो.

• नाव: रकाना कोरा असला तरी नोंद होते. बारसे झाल्यावर, 12 महिन्यांच्या आत, नाव विनाशुल्क घालता येते. आई-वडिलांच्या नावांचे स्पेलिंग मात्र त्यांच्या आधारशी अक्षरन् अक्षर ताडून घ्यावे. पुढे घोडे तिथेच अडते.

• पुरावा: 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांच्या शाळाप्रवेशासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणजे या नोंदीचा जन्मदाखलाच.

• बाल आधार: निळे कार्ड, 12 अंकी क्रमांक. पाच वर्षांखालील बाळाचा फक्त फोटो. बोटांचे ठसे, डोळ्यांचे स्कॅन नाही. आई किंवा वडिलांच्या आधारशी जोडणी. ठसे पाचव्या वर्षी, पुन्हा पंधराव्या वर्षी. क्रमांक तोच राहतो. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही.