जाड भिंती आणि बिनतारी जाळे

रामबागेतील आमचे घर आजोबांनी बांधलेले. भिंती दीड हात जाडीच्या. माळव्याच्या उन्हाळ्यात त्यांचे कोण कौतुक! पण गेल्या वर्षी त्याच भिंतींनी आईचा आणि पुण्याला शिकणाऱ्या नातीचा संवाद तोडला. इंटरनेटचा राऊटर दिवाणखान्यात आणि गुडघ्यांनी अडलेली आई मागच्या खोलीत. मोबाइलच्या पडद्यावर नातीचा चेहरा मध्येच थिजे आणि आई विचारी, "अरे, ही बोलत का नाही? रुसली का माझ्यावर?"

चिरंजीवांनी सहा अँटेनांचा महागडा राऊटर आणला. दिवाणखान्यात वेग वाढला. आईच्या खोलीत ये रे माझ्या मागल्या!

तेव्हा ह्या मराठीच्या मास्तराने भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्याकडे शिकवणी धरली. घरगुती राऊटर बहुधा दोन पट्ट्यांवर चालतो : २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिलीची लहर सुमारे १२.५ सेंटिमीटर लांबीची, दुसरीची ६. पाचाची पट्टी वेगवान खरी, पण भिंतीपुढे लवकर हात टेकते. दुसरी मंद, तरी भिंत बरी ओलांडते. मात्र तिच्यावर शेजाऱ्यांच्या राऊटरांची गर्दी, शिवाय मायक्रोवेव्ह ओव्हनची लुडबुड. लहरींच्या शक्तीवर सरकारी मर्यादा असते, त्यामुळे नुसत्या अँटेना मोजून काही साधत नाही. १८९५ साली जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये भिंतीपलीकडे लहरी धाडून घंटा वाजवली, हे मी वर्गात अभिमानाने सांगत आलो. प्रत्येक भिंत त्या लहरींकडून जकात घेते, हे मात्र घरी कळले.

तेव्हा जुन्या घरात राहणाऱ्यांनी दुकानात जाण्यापूर्वी भिंती मोजाव्यात. राऊटर घराच्या मध्यावर, उंच ठेवावा. लोखंडी कपाटाआड तर मुळीच नको. दोन-तीन यंत्रांचे 'मेश' संच मिळतात, पण त्यांची आपसातली बोलणीही बिनतारी असली तर भिंत आडवी येतेच. तारजोडणीची भोके गिगाबिटची आहेत ना, हे पाहावे. नाहीतर १०० मेगाबिटांहून अधिक वेगाचे पैसे भरूनही तो तारेने पुढे जात नाही. कुलूप डब्ल्यूपीए३ पद्धतीचे असल्यास उत्तम.

आम्ही अखेर व्हरांड्यातून तार ओढली. अशी तार १०० मीटरपर्यंत चालते; आमची पंधराही भरली नाही. तिच्या टोकाला, आईच्या खोलीत, एक साधा स्वस्त राऊटर जोडला. चिरंजीव जरा हिरमुसले.

त्याच संध्याकाळी आतून आईचा आवाज आला, "अगं, किती वाळलीस! मेसमध्ये वरणात तूप तरी घालतात का?"