उशीत काय भरावे?

मनुष्याच्या आयुष्याचा सुमारे एक-तृतीयांश भाग निद्रेत जातो. ६० वर्षांच्या आयुष्यात जवळजवळ २० वर्षे आपले मस्तक उशीवर विसावलेले असते. तथापि चपला विकत घेताना आपण जेवढी चिकित्सा करतो, तेवढीही उशी घेताना करीत नाही. दुकानात जावे, उशी बोटांनी दाबून पाहावी आणि मऊ लागली की घरी आणावी, असाच बहुतेकांचा परिपाठ असतो.

आम्हीही त्यास अपवाद नव्हतो. आमच्या आजीची कापसाची उशी दगडासारखी झाली होती, म्हणून माधवनगरातील आमच्या घरी आम्ही तिच्यासाठी फोमची गुबगुबीत उशी मोठ्या कौतुकाने आणली. आठच दिवसांत तिची मान धरली. "मऊ ते सगळेच सुखाचे नसते रे बाबा," असे म्हणून तिने आपली जुनी उशी पुन्हा जवळ केली. तेव्हा आम्हांस प्रश्न पडला की, उशीचे काम तरी नेमके कोणते? आणि ते काम कोणता पदार्थ उत्तम करतो?

उशीचे काम मस्तकाला मऊ वाटावे एवढेच नाही. आपल्या मानेत ७ मणके असून त्यांवर सुमारे ५ किलो वजनाचे मस्तक तोललेले असते. आडवे झाल्यावर मान आणि गादी यांच्यामध्ये जी पोकळी राहते, ती भरून काढणे हे उशीचे खरे काम होय. उताण्या निजणाऱ्यास ही पोकळी थोडी असते, म्हणून त्यास बेताची उशी पुरते. कुशीवर निजणाऱ्यास खांद्याच्या रुंदीएवढा आधार लागतो. पालथ्या निजणाऱ्यास तर उशी जवळजवळ नकोच. परीक्षा सोपी आहे. कुशीवर निजावे आणि घरातील कोणास तरी पाठीमागून पाहावयास सांगावे. मानेची आणि पाठीच्या कण्याची रेषा सरळ दिसली तर उशी योग्य; मस्तक वर उचललेले किंवा खाली झुकलेले दिसले तर अयोग्य. आमची आजी उताणी निजते. तिच्यासाठी आणलेली उशी उंच होती, हाच आमचा पहिला प्रमाद होता.

आता उशीत भरावयाच्या पदार्थांचा विचार करू. आपला माळवा काळ्या मातीचा. येथे कापूस पिकत असे आणि उज्जैनच्या विनोद मिल, हिरा मिल यांसारख्या गिरण्यांत त्याचे सूत निघत असे. त्या गिरण्या आता बंद पडल्या आहेत आणि माळव्याच्या शेतांत सोयाबीन आले आहे. कापूस मुख्यतः नर्मदेपलीकडे निमाडात पिकतो. तरी घरोघरच्या उशांत तो अजून टिकून आहे, आणि त्यास सबळ कारण आहे. कापूस घाम शोषतो. सामान्य हवेत तो स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा सहज धारण करतो. शब-ए-माळवा म्हणून आपल्या रात्रींची कीर्ती असली, तरी वैशाखातील उकाडा आपल्या परिचयाचा आहेच. अशा वेळी कापसासारखा सोबती नाही. त्याचा दोष एवढाच की, त्याचा तंतू चपटा व पिळलेला असतो. दाबाखाली एकदा वाकला की पुन्हा उसळी घेत नाही. म्हणूनच उशीत गाठी होतात. त्यावर उपायही जुनाच आहे. पिंजारी कापूस पिंजतो तेव्हा चिकटलेले तंतू सुटे होतात व त्यांच्यामध्ये हवा शिरते. ही हवाच उशीला मऊपणा देते. आजीची उशी वाईट नव्हती. ती फक्त कित्येक वर्षे पिंजली गेली नव्हती.

दुसरा पदार्थ सावरीचा कापूस. सावर म्हणजे संस्कृतातील शाल्मली; माळव्यात तिला सेमल म्हणतात. फाल्गुनात तिचे निष्पर्ण वृक्ष लाल फुलांनी पेटल्यासारखे दिसतात आणि उन्हाळ्यात बोंडे फुटून रेशमासारखा कापूस वाऱ्यावर उडू लागतो. याचा तंतू आखूड व गुळगुळीत असल्यामुळे त्याचे सूत नीट कातता येत नाही. परंतु तो आतून पोकळ असून वरून मेणचट असतो. त्यामुळे तो अतिशय हलका असतो आणि पाणी शोषीत नाही. सावरीच्याच कुळातील कपोक या वृक्षाचा कापूस विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नावाड्यांच्या प्राणरक्षक जाकिटांत भरीत असत, तो याच गुणामुळे. सावरीची उशी थंड व हलकी लागते; पण तिचे तंतू ठिसूळ असल्याने काही वर्षांनी त्यांचा भुगा होतो. शिवाय हा कापूस चटकन पेट घेतो, म्हणून ती दिव्यापासून व उदबत्तीपासून दूर ठेवावी.

तिसरा वर्ग कृत्रिम पदार्थांचा. पॉलिएस्टरचा तंतू १९४१ साली इंग्लंडात व्हिनफील्ड व डिक्सन या रसायनशास्त्रज्ञांनी शोधून काढला. त्याची उशी स्वस्त, हलकी आणि धुण्यास सोपी. परंतु हा तंतू जेमतेम ०.४ टक्के ओलावा घेतो, म्हणून उन्हाळ्यात मान घामाने चिकट होते. मस्तकाचा आकार धरून ठेवणारा जो फोम मिळतो, तो १९६६ साली अमेरिकेच्या नासा या संस्थेसाठी विमानातील आसनांकरिता निर्माण झाला. योग्य उंचीचा असल्यास तो मानेस चांगला आधार देतो. मात्र तो ऊब धरून ठेवतो आणि पाण्याने धुता येत नाही. जपानात बकव्हीट नावाच्या धान्याचा कोंडा उशीत भरतात. त्यातून वारा खेळतो, पण कूस बदलताना तो खुळखुळतो. देशकाल पाहून माणसाने उशी कशी घडविली, हे यावरून दिसते.

पदार्थ कोणताही असो, स्वच्छता हवीच. अंथरुणात डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव वाढतात. आपल्या त्वचेचा झडलेला भुसा हे त्यांचे अन्न, आणि हवेतील ओलावा हे त्यांचे पाणी. त्यांच्या विष्ठेमुळे अनेकांना शिंका व दमा यांचा त्रास होतो. यासाठी खोळ दाट विणीची असावी, अभ्रा दर आठवड्यास कढत पाण्यात धुवावा आणि पावसाळा सरताच उशी कडक उन्हात पूर्ण वाळवावी.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. डोके गोल व्हावे म्हणून तान्ह्या बाळाच्या मानेखाली मोहरीची उशी ठेवण्याची चाल आपल्या अनेक घरांत आहे. तीमागे माया आहे, यात संशय नाही. परंतु एक वर्षाच्या आतील बाळास कोणतीही उशी देऊ नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. बाळाचे तोंड मऊ वस्तूत रुतले तर ते मान फिरवू शकत नाही आणि श्वास कोंडून प्राणावर बेतते. बाळास सपाट, घट्ट अंथरुणावर उताणे निजवावे. डोके चपटे होईल अशी चिंता वाटल्यास, ते जागे असताना, आपली नजर असताना, थोडा वेळ पालथे खेळू द्यावे. आमच्या घरी हे प्रथम आजीलाच पटले, आणि धाकट्या भावंडाची मोहरीची उशी तिने स्वतःच्या हाताने उसवली.

अखेर आमच्या घरी असा निर्णय झाला: आजीस तिचाच कापूस पिंजून, थोडा कमी भरून, बेताची उशी, कुशीवर निजणाऱ्या आम्हांस भरगच्च कापसाची उंच उशी, आणि बाळास उशीच नाही. फोमची उशी बैठकीत लोडाच्या जागी विराजमान झाली आहे. एका घरात एकाच मापाच्या उशा असाव्यात, हा आग्रह सोडला म्हणजे निम्मे काम होते. विद्यार्थीमित्रांनो, आज रात्री निजताना आपल्या घरातील वडीलधाऱ्यांची उशी एकदा हाताने चाचपून पाहा. ती दगड झाली असेल, तर पिंजाऱ्याकडे नेऊन आणण्याचे काम तुम्हीच अंगावर घ्या.