बागेचे फोटो, बिलं आणि त्यांचा क्रम

ऑक्टोबरात गोड छाटणी उरकली की दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्ष बागायतदाराचं संगणकावरचं कामही वाढतं. माल युरोपला पाठवायचा तर अपेडाच्या ग्रेपनेटवर बागेची नोंदणी हवी, फवारण्यांच्या नोंदी हव्यात, रेसिड्यू तपासणीचा अहवाल हवा. त्यात डावणी-भुरीचे फोटो आणि औषधांची बिलं. सगळं संगणकात असतं, पण पॅकहाऊसचा फोन आला की सापडत नाही.

सगळ्या फोल्डरांना एकच क्रम लावायची गरज नाही. विंडोजचा फाइल एक्सप्लोरर प्रत्येक फोल्डरचा क्रम वेगळा लक्षात ठेवतो. फोल्डर उघडून मोकळ्या जागेत राइट क्लिक करा, 'सॉर्ट बाय'मध्ये हवं ते निवडा. पुढच्या वेळी फोल्डर तसाच उघडेल.

बिलांना 'डेट मॉडिफाइड' ठेवून ताजं वर आणलं की बहुतेकांचं भागतं. फवारणीच्या एक्सेल फायलींना मात्र हा क्रम लावू नका. जुनी फाइल उघडून एक आकडा सुधारला, सेव्ह केली, की तिची तारीख आजची होते आणि गेल्या हंगामाची नोंद सगळ्यांच्या डोक्यावर येऊन बसते. तिथे नावानुसार क्रम बरा.

फोटोंची गंमत वेगळी. कॅमेरा फोटोतच वेळ नोंदवतो, ती 'डेट टेकन'. ती यादीत दिसत नसेल तर फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'कस्टमाइझ'वर जाऊन फोल्डर 'पिक्चर्स' प्रकारचा करा; आतल्या फोल्डरांनाही तेच हवं असेल तर खालच्या चौकटीत खूण करा. पण शेतातून व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोतून ही नोंद गळालेली असते. उरतं फक्त नाव, म्हणजे 'व्हॉट्सअॅप इमेज 2025-01-14 अॅट 2.30.15 पीएम' असलं काहीतरी. नावाने लावल्यावर दिवस बरोबर लागतात, पण दुपारी अडीचचा घड सकाळी नऊच्या घडाआधी येतो, कारण संगणक 2 आणि 9 बघतो, एएम-पीएम शेवटी. डावणी सकाळी दिसली की फवारणीनंतर, हे सल्लागाराला दाखवायचं असेल तर असे फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा. मूळ फाइल येते, तिच्यातली वेळही येते.

डाउनलोड्स फोल्डरबद्दल तक्रार नेहमीची: नावाने लावला तरी लागत नाही. विंडोज 10 च्या 2019 मधल्या अपडेटपासून तो तारखेच्या गटांत उघडतो, आणि क्रम लागतो तो गटाच्या आत. 'ग्रुप बाय'मध्ये 'नन' निवडा, झालं.

'फोल्डर ऑप्शन्स'मधलं 'अप्लाय टू फोल्डर्स' मोहात पाडतं. ते दाबलं की समोरच्या फोल्डरची मांडणी त्या प्रकारच्या सगळ्या फोल्डरांना लागते आणि एकेक करून लावलेले क्रम जातात. माझ्या मते त्याच्या वाटेला न जाणंच बरं.

हे क्रम विंडोज स्वतःच्या रजिस्ट्रीत ठेवतो, फोल्डरमध्ये नाही. पेन ड्राइव्हवर फोल्डर नेला तर क्रम मागेच राहतो. म्हणून बाहेर द्यायच्या फायलींच्या नावातच आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहा. प्लॉटचे आकडेही 01, 02 असे. एक्सप्लोररला 10 च्या आधी 2 येतो हे कळतं, पण समोरचा कोणत्या प्रोग्रॅममध्ये उघडेल याचा नेम नाही.