एकदा सुटली नाही म्हणून काय झालं?



कार्यक्रमाचं मध्यंतर झालं की आपण सगळे चहा-वड्याच्या रांगेत उभे राहतो आणि दोन-चार जण हळूच पार्किंग लॉटकडे वळतात. ते कशाला जातात हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्यावर कुणी बोलत नाही. विचारलंच तर उत्तर ठरलेलं, "सोडून पाहिली हो, पण नाही जमलं." हा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी.

शुगर लँडपासून फार लांब नाही, ह्यूस्टनच्या मेडिकल सेंटरमध्ये एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटर आहे. तिथल्या डॉ. पॉल सिन्सिरिपिनी आणि सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला: पहिल्या प्रयत्नात सिगारेट सुटली नाही, तर पुढे काय? २०१५ ते २०१९ या काळात टेक्सासमधल्या ४९० जणांवर केलेला हा अभ्यास २०२४ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

सुरुवातीला काहींना व्हॅरेनिक्लिनच्या गोळ्या दिल्या, तर काहींना निकोटिनचा पॅच आणि जोडीला चघळायच्या निकोटिन गोळ्या. सहा आठवड्यांनी ज्यांची सिगारेट सुटली नव्हती, त्यांचे तीन गट केले. एका गटाचे उपचार तेच ठेवले, दुसऱ्याची मात्रा वाढवली, तिसऱ्याचं औषध बदललं. आणखी सहा आठवडे गेले.

व्हॅरेनिक्लिन तेवढंच चालू ठेवलेल्यांपैकी फक्त ३ टक्के लोकांची सिगारेट सुटली, मात्रा वाढवलेल्यांपैकी २० टक्क्यांची. त्यांना पॅचवर नेल्याचा मात्र उपयोग झाला नाही. पॅचवाल्यांमध्ये तेच उपचार चालू ठेवले तेव्हा ८ टक्के, आणि मात्रा वाढवली किंवा व्हॅरेनिक्लिन दिलं तेव्हा १४ टक्के.

आकडे लहान दिसतात, पण हे सगळे आधी अपयश आलेले लोक होते हे विसरू नका. न जमलेली गोष्ट तशीच रेटण्यापेक्षा उपचारात लवकर बदल करावा, हा यातला धडा. दोष मनाच्या दुबळेपणाचाच असतो असं नाही. निकोटिन मेंदूत जिथे जाऊन बसतं, तिथेच व्हॅरेनिक्लिन बसतं. त्यामुळे तलफ कमी होते आणि सिगारेट ओढली तरी पूर्वीची मजा येत नाही.

या औषधाने मळमळ होऊ शकते, विचित्र स्वप्नं पडू शकतात. मनावर गंभीर परिणाम होण्याची भीती पूर्वी होती. पण ८,००० हून अधिक लोकांवरच्या मोठ्या अभ्यासानंतर २०१६ साली एफडीएने तो ठळक इशारा काढून टाकला. पॅच आणि निकोटिनची गोळी दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. व्हॅरेनिक्लिनला मात्र डॉक्टरांची चिठ्ठी लागते, आणि मात्रा आपल्या मनाने कधीच वाढवू नये.

भारतातून आलेल्या आई-वडिलांची मिश्री किंवा तंबाखू-चुन्याची डबी हाही आपल्याकडचा प्रश्न आहे. वरचा अभ्यास सिगारेटचा असल्यामुळे त्याचे आकडे तिथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण डॉक्टरांकडे नेताना तंबाखूची गोष्ट लपवू नका, एवढं नक्की.

मोफत सल्ल्यासाठी १-८००-७८४-८६६९ हा क्विटलाइनचा नंबर आहे. फ्रिजवर लावून ठेवा. आणि पुढच्या मध्यंतरात पार्किंगकडे वळणाऱ्या मित्राला उपदेश करण्याऐवजी एवढंच विचारा, "मागच्या वेळी कुठलं औषध घेतलं होतंस रे?"